दुसऱ्याचा नंबर

"हात धुण्याचा साबण. लिंबाचा सुगंध," फोन म्हणाला.

दुकानाच्या मुख्य ऑफिसातून आलेल्या माणसाने सोबत आणलेली बाटली फिरवली आणि तिच्यावरच्या बारकोडच्या काळ्या पट्ट्या पुन्हा ताईंच्या फोनपुढे धरल्या. फोन पुन्हा तेच म्हणाला. मग त्याने बाटली ताईंच्या भावाच्या हातात दिली.

"आता तुम्ही वाचा."

भावाने लेबल वाचलं, मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"काय लिहिलंय?" ताईंनी विचारलं.

"ड्रेन क्लीनर. तुंबलेली मोरी मोकळी करायचं अॅसिड आहे, ताई."

ताईंना जन्मापासून दिसत नव्हतं. पण घरात त्यांचं कुणावाचून अडत नसे. सामान आलं की पिशवी त्याच उघडायच्या. एकेक वस्तू फोनपुढे धरायची, फोन नाव सांगणार, वस्तू आपल्या जागी जाणार. त्यांचं कपाट तर इतकं लावलेलं असे, की त्याला हात लावायची घरात कुणाची छाती नव्हती. भावजय हसायची. "ताई, ह्यांच्या कपाळावरही पट्ट्या चिकटवा हो. हे नेमके काय कामाचे, ते एकदा कळू दे." ताईही हसायच्या. त्या मसाजचं काम करत. दुखणाऱ्या पाठीतली गाठ त्यांच्या बोटांना बरोबर सापडे. पुस्तकंही त्या बोटांनीच वाचत.

अपघात झाला त्या दिवशी त्यांना सर्दी झाली होती. वास कळला नाही. बेसिनपाशी स्वतःच ठेवलेली नवी बाटली त्यांनी उघडली आणि ओंजळीत ओतली. दोन्ही तळवे एकमेकांवर चोळले.

त्यांच्या किंकाळीने भावजय धावली. तिने ताईंचे हात नळाखाली धरले आणि कितीतरी वेळ सोडले नाहीत. ताई तिला ढकलत होत्या, ओरडत होत्या, तरी सोडले नाहीत. शेजाऱ्यांच्या गाडीतून दवाखान्यात नेण्याआधी तिने संतापाने ती बाटली खालच्या कचऱ्यात भिरकावली. संध्याकाळपर्यंत कचरा उचलून नेला होता.

तेच तिच्या अंगाशी आलं.

भाऊ कामासाठी परगावी होता. तो आला तेव्हा ताईंच्या हातांना कोपरापर्यंत बँडेज होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, कातडी येईल, बोटांची जाण येणार नाही.

"पिशवीतून मीच काढली होती," ताई म्हणाल्या. "फोनने साबण सांगितला. म्हणजे बाटली साबणाचीच होती. आत कुणीतरी दुसरंच काही भरलं."

"मी साबण मागवलाच नव्हता," भावजय म्हणाली. "मोरी तुंबली होती म्हणून ते अॅसिड मागवलं होतं. बाटलीवर लिहिलेलं होतं, मी डोळ्यांनी पाहिलंय."

"म्हणजे अॅसिड तूच आणलंस," भाऊ म्हणाला. "मग बाटली फेकलीस कशाला?"

ती रडत राहिली. पाणी ओतताना तिचंही मनगट भाजलं होतं, ते कुणी विचारलं नाही.

"त्या पट्ट्यांत नंबर असतो, जगात एका वस्तूचा एकच," ताई शांतपणे म्हणाल्या. "माणसं खोटं बोलतात. फोन खोटं बोलत नाही."

आजवर त्या भावजयीला कधी वावगा शब्द बोलल्या नव्हत्या. म्हणून हा शब्द काळ्या दगडावरची रेघ ठरला. भावाने बायकोला माहेरी पोहोचवलं आणि तिचे फोन घेणं बंद केलं. ताईंनीही बंद केलं.

आता ऑफिसातून आलेला तो माणूस मान खाली घालून बोलत होता. मालाची माहिती भरायच्या विभागात तो होता.

"साबण आमच्याच ब्रँडचा. तो बंद झाला. पुढे हे अॅसिड आलं, त्याच साच्यातल्या बाटलीत. एकदा वापरलेला नंबर पुन्हा दुसऱ्या वस्तूला द्यायचा नाही, असा नियम आहे. पण नवा नंबर घ्यायचा म्हणजे वेळ जातो. कुणीतरी साबणाचाच नंबर ह्याला चिकटवला. आमच्या दुकानातल्या यंत्रांत नाव बदललं, त्यामुळे बिलं बरोबर निघत राहिली. तुमच्या फोनकडे मात्र जुनंच नाव राहिलं. फोनला पट्ट्याच दिसतात. अक्षरं दिसत नाहीत."

"मलाही नाही दिसत," ताई म्हणाल्या.

त्यांनी बाटलीसाठी हात पुढे केला. त्याने ती झाकण घट्ट आहे का पाहून त्यांच्या हातात दिली. त्यांनी गुळगुळीत, ताणलेल्या बोटांनी ती चाचपली. बाटली जड आहे एवढंच कळलं. काच की प्लॅस्टिक, तेही कळेना. त्यांनी ती परत केली.

भाऊ त्या माणसाकडे वळला. "तुम्हाला इथे कुणी पाठवलं? तिनेच ना? आता कोर्टात खेचणार असेल आम्हाला. खेचू दे. तिचा हक्कच आहे."

"पाठवलं त्यांनीच," तो माणूस म्हणाला. "आपण काही भरलं नाही, म्हणजे फोनच चुकतोय, हे एकट्या त्यांनाच ठाऊक होतं. त्यांनी आमच्या दुकानात जाऊन बाटलीपुढे स्वतःचा फोन धरला आणि तो काय म्हणतो ते ऐकलं. तुम्ही दोघं फोन उचलत नाही, म्हणून आमच्याकडे करत राहिल्या. फोन घेणाऱ्या आमच्या मुली तक्रारीत ताईंचं नाव लिहून घ्यायच्या आणि फोन ठेवायच्या. शेवटी फोन माझ्याकडे आला. मी म्हटलं, तुमच्यावरचा आळ दूर होईल असं पत्र कंपनीकडून मिळवून देतो. तर माझ्यावर ओरडल्या."

"काय म्हणाली?" ताईंनी विचारलं.

"म्हणाल्या, माझं मागाहून बघू. मी दोन बाटल्या मागवल्या होत्या, दुसरी ताईंच्या कपाटात साबण म्हणून ठेवलेली असेल. आधी जाऊन ती काढा."