कड्यावरची जोडीदार

"सर, घाबरून राह्यले का?" काजलनं विचारलं.

"मी? छ्या!" मधुकरराव हसले आणि कमरेचा पट्टा त्यांनी पुन्हा एकदा ओढून पाहिला. खाली, काळ्या कड्याच्या पायथ्याशी, शिबिराची सगळी मुलं माना वर करून उभी होती.

शिबिर शाळा सुटलेल्या मुलांचं होतं. कुणाला बापानं काढलेलं, कुणी मारामारी करून बाहेर पडलेलं, कुणी कापूस वेचायला गेलं ते वर्गात परतलंच नव्हतं. नंदिनीताई अशांना गोळा करायची, हिंगणीच्या पुढच्या टेकड्यांत आणायची, कडे चढायला-उतरायला शिकवायची आणि सोबतच हात धरून पुन्हा शाळेत नेऊन बसवायची. प्रत्येकाला शाळेतला एक जोडीदार मिळे. काजलची जोडीदार होती समीक्षा, मुख्याध्यापक मधुकररावांची मुलगी.

आज समारोप होता. मोठ्यांनी आणि जोडीदारांनी या मुलांच्या हाती दोर देऊन कडा उतरायचा, ही नंदिनीताईची रीत. पोरांवर कुणी भरवसा टाकला, तरच त्यांना शाळा आपली वाटते, असं ती म्हणे.

काजलनंच समीक्षाच्या मागे लागून सरांना बोलावून घेतलं होतं. "तुह्या बाबाले आणजो. त्यायचा दोर मीच धरतो." ते ऐकून समीक्षाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

काजल त्या दोरासाठीच इथवर आली होती.

मागच्या हिवाळ्यात मधुकररावांनी तिच्या बापाला, लहानूला, बोलावून सांगितलं, "तुही पोरगी हिंगणघाटच्या पोराबरोबर बसस्टँडमागं दिसली. लक्ष ठेव." लहानूनं तिला शाळेच्या फाटकातूनच झिपऱ्या धरून घरी नेलं. ती रडून रडून सांगत होती, मी तं गिरणीवर दळण घेऊन गेलतो. कोण ऐकतो? शाळा बंद झाली. ती रस्त्यानं निघाली की टपरीवरची पोरं शिट्ट्या मारू लागली. आईला हळदीकुंकवाचं बोलावणं येईना. देवळीचं एक स्थळही ठरत आलं होतं, तिच्या दुप्पट वयाचा चांगला बाप्या माणूस. तेवढ्यात नंदिनीताई पोलीस पाटलांना घेऊन दारात उभी राहिली, म्हणून काजल सुटली.

त्या सगळ्या दिवसांत, कपाशीत वाकताना, चूल फुंकताना, तिच्या डोळ्यांपुढे एकच चेहरा असायचा. पांढऱ्या मिशांचा, चष्म्याचा.

काजल शाळेत परतली, त्या पहिल्याच दिवशी समीक्षा मात्र आपणहून आली. "मी होतो काजलची जोडीदार." तिनं ओट्यावर बसून बुडालेले धडे शिकवले. वर्गातल्या पोरी बाकावर काजलपासून सरकून बसल्या, तर त्यांच्याशी भांडली. स्वतःच्या डब्यातला अर्धा डबा काजलपुढे सरकवला. काजल सगळं हसून घेत गेली आणि मनात समीक्षाच्या बापाचा हिशेब करत राहिली. कधीकधी तिलाच वाईट वाटे. या भोळ्या पोरीचा काय दोष?

"चला सर," ती आता म्हणाली.

दोर दोन होते. एक सरांच्या स्वतःच्या हातात, उतरण्याचा. दुसरा जिवाचा, हात सुटला तर सावरणारा; तो मागच्या सागाच्या खोडाला वेढा घेऊन काजलच्या हातात. दोर शिकवणारे ताराचंददादा गाठी तपासून पलीकडच्या टोकाला गेले. समीक्षाला पट्टा बांधायचा होता.

सर कड्यावरून मागे झुकले. एक पाय, दुसरा पाय. डोकं कड्याखाली गेलं आणि काजलनं दोर आवळून धरला.

"काजल, सोड जरा."

"सोडू?"

"नको! म्हंजे… हळू."

काजल काठाशी वाकली. "माह्या बापाले काऊन सांगतलं, सर?"

सरांनी वर पाहिलं. तिचा चेहरा पाहून त्यांचा पाय घसरला, हातातला दोर सुटला, आणि ते दगडावर आपटून लोंबकळले. आता सगळा भार काजलच्या दोरावर होता. तिनं तो वितभर सरकू दिला. सर किंचाळले. खालच्या मुलांनी टाळ्या वाजवल्या.

"मी गिरणीवर होतो. तुम्ही काय पाह्यलं?"

"मी काईच नाई पाह्यलं, पोरी! लोक बोलून राह्यले होते… शाळेचा ड्रेस, तोंडाले दुपट्टा… मी घरी विचारलं…" ते थांबले.

दोर आणखी वितभर सरकला.

"समीक्षा होती ते!" सर रडत म्हणाले. "तिनं तुहं नाव घेतलं, मले खरं वाटलं. मागून कळलं. तवा तुही शाळा सुटली होती. पोटची पोर हाये, काजल. मी तोंड कसं उघडू? ओढ मले, तुह्या पाया पडतो!"

वारा सागाच्या पानांतून सळसळत होता. काजलनं वळून पलीकडे पट्टा बांधून घेणाऱ्या समीक्षाकडे पाहिलं. मग तिनं शिकवल्याप्रमाणे, हळूहळू, एकही हिसका न देता सरांना खाली उतरवलं. त्यांचे पाय जमिनीला टेकले. नंदिनीताईनं खालून दोन्ही हात उंचावून तिला शाबासकी दिली.

"बाबा उतरले?" पट्टा बांधलेली समीक्षा काठाशी आली. "किती मस्त उतरवलं वं तू त्यायले! मले तं भेव लागून राह्यलं."

ताराचंददादांनी जिवाचा दोर तिच्या पट्ट्यात अडकवला आणि ते बाजूला झाले. खाली मधुकरराव दोन्ही हात हलवून काहीतरी ओरडत होते. शब्द वाऱ्यानं उडवून नेले. सगळ्यांना वाटलं, बाप लेकीला धीर देतोय.

काजलनं दोराचा हाताभोवती एक वेढा घेतला आणि ती हसून म्हणाली, "ये समीक्षा. मी हावो ना."