पाळकीणबाईंचा डबा

आमच्या प्रेस्बिटेरियन मंडळीत कुणाकडे मयत झाली की पाळकीणबाई, म्हणजे आमच्या पाळकसाहेबांच्या पत्नी, जेवणाचा डबा घेऊन हजर. कोराडीलासुद्धा बसनं जायच्या. शुक्रवारी त्याच वारल्या. दफनाला सगळं चर्च लोटलं. आम्ही गायलो, रडलो आणि आपापल्या घरी जाऊन जेवलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्याकडे गेले. पाळकसाहेब एकटेच चहात बिस्कीट बुडवून खात होते. माझ्या हातात बाईंचा डबा पाहून त्यांचे डोळे भरून आले.

"ये बेटा. कालपासून कोणाच्याच ध्यानात नाही आलं. मले जेवण मागाची लाज वाटून राहिली होती."

ते ताट घेऊन बसले.

सासरे वारले तेव्हा बाईंनी आणलेला तो डबा मी घासूनपुसून परत करायला नेला होता.