थांबायचं कुणासाठी

“आधी तो मॉड काढ, मग बोलू.” हेडफोनमधून वस्तादाचा आवाज आला आणि चष्मेवालीने दातओठ खाल्ले.

दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचा घासायच्या आणि घरी येऊन हा मॉड, म्हणजे संगणकावरच्या खेळात बदल करणारा प्रोग्राम, लिहायचा, असं तिने वर्षभर केलं होतं. बंदुकांचा हा खेळ कंपनीने कधीच वाऱ्यावर सोडला होता. आता खेळणारेच तो आपापल्या सर्व्हरवर चालवत आणि स्पर्धेचे नियमही तेच ठरवत.

तिचा राग एकाच गोष्टीवर होता. ज्याचं नेट वेगवान, त्याची गोळी सर्व्हरवर आधी पोहोचते. तिचं घर गल्लीच्या पार टोकाला. तिथे नेट रखडत यायचं आणि चाप ओढेपर्यंत ती मेलेली असायची. तिच्या मॉडमुळे ज्याचं नेट सगळ्यात मंद, त्याच्यासाठी बाकीच्यांना थांबावं लागणार होतं. वर तिने एक फलकही घातला. सामना संपल्यावर बटण दाबलं की सगळ्यात मंद नेटवाल्याच्या नावापुढे कासव. आजवर कुणाचं नेट कसं आहे, हे खेळात दिसतच नव्हतं.

“स्वतःचंच हसं करून घेणार तू,” तिचा दादा म्हणाला होता.

“होऊ दे. फुकटच्या वेगावर मिरवणाऱ्यांना तर कळेल!”

मिरवणारा म्हणजे अर्थातच वस्ताद. कोपऱ्यावर कुणी यायच्या आत तो रिकाम्या जागी गोळी झाडी, आणि येणारा बरोबर तिच्यात सापडे. लोक त्याला वस्तादाचा अंदाज म्हणत. ती माज म्हणायची. मॉडच्या चाचणीला तिने त्याला कितीदा बोलावलं, पण पठ्ठ्या एकदाही फिरकला नाही.

“कुणी कुणासाठी थांबायचं नाही,” तो आता म्हणाला. “जमत नसेल त्याने सराव करावा. मी केला.”

“आयत्या पिठावर रेघोट्या ओढण्याला सराव नाही म्हणत!”

शेवटी सर्व्हर चालवणारा मध्ये पडला. त्याला सगळे सरपंच म्हणत. “पुरे झालं! मॉड चालू ठेवून तुम्हा दोघांचा एक सामना. मग सगळ्यांनी मत द्यायचं. मॉड राहील नाहीतर जाईल.”

सामना सुरू झाला. दादा चहाचा कप घेऊन तिच्या खुर्चीमागे उभा राहिला.

“काय गं, काय झालं?”

“बंदूक जड लागतेय. चाप ओढला तरी उशिरा उडतेय.”

“घाबरली असशील.”

“मी? त्याला?”

वस्ताद मात्र नेहमीसारखाच खेळत होता. रिकाम्या जागी गोळी झाडायचीही त्याला आज गरज पडत नव्हती. त्याने तिला चारीमुंड्या चीत केलं.

“झालं समाधान?” तो म्हणाला. “सरपंच, मॉड काढा. आणि ते फलकबिलक काही लावू नका.”

तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. “का नको? हरले, मान्य आहे. पण आज एवढा मोठा वस्ताद माझ्यासाठी थांबला, तरी जिंकलाच ना? आभाळ कोसळलं का? एवढंच मला दाखवायचं होतं. मग आता लपवायचं कशाला?”

“लावू नकोस,” वस्ताद म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता.

“लावणार!”

तिने बटण दाबलं. फलक सगळ्यांच्या पडद्यावर एकदमच उघडला. ती मान ताठ करून लोकांच्या हसण्याची वाट बघत राहिली.

दादाने कप खाली ठेवला आणि वाकून पडद्याकडे बघितलं. “अगं, तुझ्या नावापुढे काहीच नाही.”

कासव वस्तादाच्या नावापुढे बसलं होतं.