मधले श्लोक

हेल्मेटला बांधलेला रबरी पट्टा आईने एका बाजूने ओढून धरला होता. शाल्मली मान ताठ ठेवायला झगडत होती. आईचं स्तोत्र संपेपर्यंत मान कलू द्यायची नाही, असं ठरलेलं.

मागच्या कार्टिंगच्या, म्हणजे छोट्या रेसगाड्यांच्या शर्यतीत शेवटच्या वळणांवर वेगाच्या ओढीपुढे मानेने दगा दिला होता. रविवारी पुन्हा तसंच झालं, तर संघातून नाव जाणार.

लेकीच्या डोळ्यांतून पाणी ओघळू लागलं. आईला बघवेना. जन्मात न केलेली गोष्ट तिने केली. मधले श्लोक गाळून स्तोत्र संपवलं आणि पट्टा सोडला.

"आई, लबाडी केलीस!"

"देव करेल गं मला माफ."

"तो करेल. शेवटचं वळण नाही करणार. म्हण पहिल्यापासून."

आईने पट्टा मनगटाला गुंडाळला. या वेळी ती एकेक अक्षर सावकाश म्हणू लागली.