बाबांचा फोकस

दिवेलागणीला गच्चीवरच्या दुर्बिणीत चंद्रकोर आली, पण धुरकट. कॅमेरा लावण्याआधी लेकीने फोकसच्या नॉबला हात घातला.

“फिरवू नकोस! तो ह्यांनी शेवटचा लावलाय, तसाच राहू दे,” आई म्हणाली. “मी नेहमी अशीच बघते, विरघळलेली.”

“अगं, अशाने फोटो कसा येणार?” वैतागून तिने चष्मा काढला, डोळे चोळले आणि पुन्हा वाकली. चंद्रावरचा खड्डा न् खड्डा लख्ख दिसला. बाबाही चष्मा काढूनच बघायचे. दोघांचा नंबर एकच होता.

तिने कॅमेरा पिशवीत ठेवला आणि आईच्या गळ्यातली वाचायची चाळिशी तिच्या नाकावर चढवली. “आता बघ.”

आई कितीतरी वेळ डोळा लावून उभी होती.

“हे रोज हाक मारायचे,” ती हळूच म्हणाली, “आणि मी म्हणायचे, कुकरची शिट्टी होऊ दे.”