उंच फाटक

संत्र्यांच्या व्यापारात नाव काढलेल्या मनोहरभाऊंनी पांढुर्ण्यात बंगला बांधला, तेव्हा गल्लीतली कुत्री आत शिरू नयेत म्हणून फाटक मुद्दाम उंच करून घेतलं. आता वर्षभर ते वरच्या खोलीत अंथरुणाला खिळलेले. पाठीच्या जखमा चिघळल्या, तशी मुलंसुना आत येईनाशी झाली. कॅमेरा लावून खालूनच मोबाइलवर बघत. रविवारी चर्चमधल्या कुसुमबाई तेवढ्या बायबल वाचायला येत.

आज त्यांनी श्रीमंताच्या फाटकापाशी पडलेल्या लाजर नावाच्या भिकाऱ्याची गोष्ट वाचली. अंगभर फोड, आणि कुत्री येऊन ते चाटायची.

"काय हाल झाले असतीन त्या बिचाऱ्याचे, भाऊ."

भाऊ कॅमेऱ्याकडे बघत राहिले.



"त्याच्याजवळ कुत्री तरी येत होती, बाई."