दिव्याचा मासा

योगिनीचा मोठा भाऊ ऋषिकेश जहाजावर कामाले गेला, समुद्रात पडला, अन् मंग सापडलाच नाई. तवापासून केनवडच्या घरी तिची माय, मनकर्णाबाई, रोज सांजच्याले तिचा मोबाईल हिसकून एकच व्हिडिओ पाहे. खोल समुद्रातला काळाकुट्ट अंधार, अन् त्यात कपाळावर दिवा घेऊन फिरणारा एक मासा.

आज योगिनीचं डोकं सटकलं. "रोज तेच काय पाहून राह्यली माय तू? तो दिवा काई देवापुढचा नोय. त्याच्यानं बाकीच्या माशायले भुलवते अन् गिळते थो."

मनकर्णाबाईनं पदरानं मोबाईलची काच पुसली.

"गिळू दे. उजेड तं हाय ना तिथं."



तिनं व्हिडिओ पुन्हा पयलेपासून लावला. "तुह्या दादाले अंधारात झोप येत नाई."